बाजीरावांचा शेवटचा उन्हाळा

हरिहरेश्वरला येणारा भाविक आधी काळभैरवाचे दर्शन घेतो, मग हरिहरेश्वराचे. ओहोटी असेल तर देवळामागच्या टेकडीवर चढून, पायऱ्यांनी समुद्राकडे उतरून, खडकांच्या कडेकडेने प्रदक्षिणा पूर्ण करतो. हिवाळ्यात ही वाट सुखाची असते. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र खडक तापलेला असतो, हवा दमट असते आणि अर्ध्या वाटेवरच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, सदरा अंगाला चिकटतो. लाल चेहरा, धडधड आणि घाम ही तिन्ही एकाच कामाची चिन्हे आहेत. शरीर आतली उष्णता रक्तातून कातडीपर्यंत वाहून नेत असते आणि तिथून बाहेर टाकत असते.

हे काम थांबले तर काय होते, याची आठवण याच देवाला कुलदैवत मानणाऱ्या एका घराण्याच्या इतिहासात आहे. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले थोरले बाजीराव पेशवे वीस वर्षे रणांगणावर अजिंक्य राहिले आणि वयाची चाळिशी गाठण्याआधीच, ऐन उन्हाळ्यात, नर्मदेच्या काठी तापाने गेले. अनेक चरित्रकारांनी या मृत्यूचे कारण उष्माघात मानले आहे.

श्रीवर्धन ते सातारा

हरिहरेश्वरपासून जवळच असलेल्या श्रीवर्धनची देशमुखी भटांकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यामुळे बाळाजी विश्वनाथ भट यांना गाव सोडावे लागले. बाणकोटची खाडी ओलांडून ते वेळासच्या भानूंकडे आले आणि पुढे घाट चढून देशावर गेले. तिथे हिशेबातली हुशारी आणि राजकारणातली समज यांच्या बळावर ते वर चढत गेले. १७१३ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले.

बाळाजी आणि राधाबाई यांचा थोरला मुलगा बाजीराव यांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. घरचे संस्कार कारकुनीचे असले तरी या मुलाची बैठक लहानपणापासून घोड्यावरची. वडिलांबरोबर मोहिमांवर जातच ते वाढले. १७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजी विश्वनाथ वारले, तेव्हा बाजीराव एकोणीस वर्षांचे होते. दरबारातल्या जुन्या मंडळींना इतक्या कोवळ्या वयाचा पेशवा नको होता. शाहू महाराजांनी त्यांचे ऐकले नाही. १७ एप्रिल १७२० रोजी त्यांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली.

कोकण सुटले, पण कुलदैवत सुटले नाही. हरिहरेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १७२३ मध्ये बाजीरावांनी केला, असे सांगितले जाते. पुढच्या पिढ्यांतल्या पेशव्यांचीही या देवावर श्रद्धा राहिली.

घोडा, स्वार आणि पाणी

बाजीरावांच्या युद्धपद्धतीचे मर्म वेगात होते. जड तोफा, तंबूंचे लटांबर आणि बाजारबुणगे मागे ठेवून हलके घोडदळ घेऊन ते निघत. शत्रूला ते एका ठिकाणी आहेत असे वाटेपर्यंत दुसरीकडे पोचलेले असत. घोड्यावर बसल्या बसल्या ज्वारीची कणसे हातावर चोळून खाणारा पेशवा, ही त्यांच्याविषयीची आख्यायिका मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

१७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेडला त्यांनी निजामाला कोंडीत पकडले. ही लढाई मोठी चकमक न होताच जिंकली गेली. मराठ्यांनी निजामाच्या छावणीची रसद आणि पाण्याची वाट तोडली. पाण्याविना तहानलेली माणसे आणि जनावरे किती दिवस उभी राहणार? निजामाला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. १७२९ मध्ये बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावले. १७३७ च्या मार्चमध्ये मोगल सरदारांना चकवून ते थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभे राहिले. त्याच वर्षअखेरीस भोपाळजवळ निजामाला त्यांनी पुन्हा घेरले आणि जानेवारी १७३८ मध्ये तह करायला लावला.

या सगळ्या दौडींमागे माणूस आणि घोडा या दोघांच्या शरीरातली एक समान सोय होती. भरपूर घाम गाळून अंग थंड ठेवणारे प्राणी फार थोडे आहेत. माणूस आणि घोडा हे त्यांत अग्रक्रमाने येतात. कुत्रा धापा टाकून थंड होतो, म्हैस पाण्यात बसते. माणूस आणि घोडा मात्र चालता चालता, धावता धावता थंड होऊ शकतात. म्हणूनच उन्हातही लांबचा पल्ला त्यांना जमतो. अट एकच: घामासाठी पाणी मिळाले पाहिजे आणि ती उष्णता कातडीपर्यंत पोचवायला पुरेसे रक्त फिरत राहिले पाहिजे.

रक्ताची प्रदक्षिणा

बाजीरावांच्या जन्माआधी सुमारे पाऊणशे वर्षे युरोपात या फिरण्याचा छडा लागला होता. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. यकृतात रोज नवे रक्त तयार होते आणि शरीर ते संपवून टाकते, अशी तोवरची समजूत होती. हार्वेने साधा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला जेवढे रक्त पुढे ढकलते, त्याला दिवसभरातल्या ठोक्यांनी गुणले तर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त होते. इतके रक्त अन्नातून रोज तयार होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे.

आजचे आकडे हेच सांगतात. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके टाकते आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. शरीरातले सगळे रक्त जवळजवळ दर मिनिटाला एक फेरी पूर्ण करते. दिवसभरात हृदय एक लाख ठोके टाकते आणि सात हजार लिटरहून अधिक रक्त ढकलते.

ही प्रदक्षिणा दोन वळशांची आहे. हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे पाठवते. तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि प्राणवायू मिळतो. ते रक्त डाव्या बाजूला परत येते आणि डावी बाजू ते जोराने सगळ्या शरीराकडे पाठवते. रोहिण्या हृदयापासून दूर नेतात, नीला हृदयाकडे परत आणतात. दोघींच्या मधे केसाहून बारीक केशवाहिन्यांचे जाळे असते. खरी देवाणघेवाण या जाळ्यात होते. पायातून वर येणारे रक्त पुन्हा खाली घसरू नये म्हणून नीलांमध्ये झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की तेच रक्त वर ढकलले जाते.

रक्त प्राणवायू आणि अन्न वाहते, हे शाळेत सगळेच शिकतात. ते उष्णताही वाहते, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. स्नायू, यकृत, मेंदू हे सतत उष्णता तयार करतात. मेहनतीत स्नायूंची उष्णता कितीतरी पट वाढते. ती आतच साठली तर शरीर काही वेळात धोक्याच्या पातळीपर्यंत तापेल. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा छोटा भाग शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवण्यासाठी सतत लक्ष ठेवून असतो. तापमान वाढू लागले की तो दोन आज्ञा देतो. पहिली, कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करा. दुसरी, घाम सोडा. गरम रक्त कातडीखाली येते आणि घामाची वाफ होताना ती उष्णता हवेत जाते. थंड झालेले रक्त पुन्हा आत परतते.

एक हृदय, दोन धनी

अडचण इथेच सुरू होते. थंड हवेत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कातडीत मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आत रक्त फिरते. कडक उष्णतेत हेच प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकते. एकूण रक्त मात्र पाचच लिटर. ते जास्त वेगाने फिरवायचे म्हणून हृदयाचे ठोके वाढतात. त्यात माणूस काम करत असेल, चालत असेल किंवा घोडा दौडवत असेल, तर स्नायूही रक्त मागतात. कातडी आणि स्नायू असे दोन धनी एकाच वेळी हात पसरतात.

ही ओढाताण निभावण्यासाठी शरीर आतड्यांचा आणि मूत्रपिंडांचा वाटा कमी करते. थोडा वेळ हे चालते. पण इकडे घामातून तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी जात असते. ते पाणी शेवटी रक्तातूनच येते. पाणी परत मिळाले नाही तर रक्ताचे आकारमान घटते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि ठोके वाढवूनही पुरवठा पुरत नाही. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे, थकवा ही या टप्प्याची लक्षणे. इथे सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी मिळाले तर बहुतेक माणसे सावरतात.

नाही मिळाले तर शरीर आणखी एक कठोर निर्णय घेते. रक्तदाब टिकवण्यासाठी कातडीकडचा पुरवठा आखडला जातो. आता उष्णता बाहेर जाण्याचा रस्ताच बंद होतो आणि आतले तापमान झपाट्याने वाढते. ते ४० अंशांच्या पलीकडे गेले आणि माणूस बरळू लागला, गोंधळला किंवा बेशुद्ध झाला, की त्याला उष्माघात म्हणतात. रक्त कमी पडल्याने आतड्यांचे अस्तर दुबळे होते आणि जंतूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात. केशवाहिन्यांना सूज येते, बारीक गुठळ्या होतात. मूत्रपिंडे, यकृत, मेंदू एकामागून एक निकामी होऊ लागतात. उष्माघात हा नुसता तापलेल्या अंगाचा आजार नाही. तो रक्ताभिसरण कोसळण्याचा आजार आहे.

रावेरखेडी

१७४० च्या सुरुवातीला बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढत होते. त्या मोहिमेअखेर तह झाला आणि नर्मदेकाठचे हंडिया आणि खरगोण हे प्रांत त्यांना मिळाले. त्यांचा ताबा घेऊन पुढे उत्तरेकडे जाण्याचा बेत होता. घरची परिस्थिती मनाला त्रास देणारी होती. मस्तानीवरून कुटुंबात वितुष्ट आले होते आणि तिला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले होते.

एप्रिलच्या अखेरीस छावणी नर्मदेच्या दक्षिण तीरावर रावेरखेडीला होती. हा निमाडचा प्रदेश. सातपुडा आणि विंध्य यांच्यामधल्या या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो. हवा कोरडी आणि वारा भाजणारा. तिथे बाजीरावांना ताप भरला. थोड्याच दिवसांत, २८ एप्रिल १७४० रोजी, त्यांचा अंत झाला. तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. ही इंग्रजी तारीख तेव्हाच्या जुन्या दिनदर्शिकेची आहे. आजच्या दिनदर्शिकेने मोजले तर तो दिवस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे उन्हाळ्याच्या अगदी टोकाला. पेशवाईची वस्त्रे मिळून तेव्हा वीस वर्षे आणि अकरा दिवस झाले होते. नदीकाठीच अंत्यसंस्कार झाले. त्यांची समाधी आजही तिथे आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धाकटे बंधू चिमाजी अप्पाही गेले. वसई जिंकणाऱ्या या वीराला छातीचे जुने दुखणे होते. आठ महिन्यांच्या आत घराण्याने दोन कर्ते पुरुष गमावले.

ज्वर या एका शब्दात

त्या काळी शरीर तापले की त्याला ज्वर म्हणत. हिवताप, विषमज्वर आणि उन्हाचा तडाखा हे सगळे त्या एका शब्दात बसत. ताप मोजायची सोयही नव्हती. फॅरनहाइटने आपले मोजमाप १७२४ मध्ये मांडले होते आणि सेल्सिअसने आपले मांडले ते बाजीराव गेल्यानंतर दोन वर्षांनी. छावणीतल्या वैद्याकडे हाताचा स्पर्श आणि नाडी एवढीच साधने होती.

आजच्या वैद्यकात ताप आणि उष्माघात यांतला फरक महत्त्वाचा आहे. संसर्गाच्या तापात हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो. म्हणून थंडी वाजते, पांघरूण हवेसे वाटते आणि पॅरासिटामॉलने ताप उतरतो. उष्माघातात पातळी बदललेली नसते. उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणाच हरलेली असते. तिथे तापाची गोळी उपयोगाची नाही. अंग बाहेरून थंड करणे हाच उपाय. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर धोका जास्त. आधीच ताप किंवा जुलाब असलेला, झोप न झालेला, पाणी कमी पडलेला माणूस उन्हात गेला, तर एरवी सोसवणारे ऊनही त्याला सोसत नाही.

इथे एक प्रश्न पडतो. आयुष्य उन्हातान्हात घालवलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला ऊन बाधेल तरी कसे? सवयीचा फायदा असतो, हे खरे. रोज थोडे थोडे ऊन सोसले तर एक-दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेते. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पण सवय म्हणजे अभय नव्हे. कणखर माणसाचा धोका वेगळाच असतो. थकव्याची खूण तो ऐकत नाही. आजही उष्माघाताला बळी पडणाऱ्यांत एकीकडे वृद्ध आणि हृदयरोगी असतात, तर दुसरीकडे धडधाकट जवान, खेळाडू, शेतमजूर आणि बांधकामावरचे कामगार. पहिल्यांचे हृदय जास्तीचे काम करू शकत नाही. दुसऱ्यांचे करू शकते, म्हणून ते थांबत नाहीत.

निमाड आणि कोकण

निमाडचे ऊन आणि कोकणचे ऊन यांच्या मारण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. कोरड्या हवेत घाम सुटताक्षणी उडून जातो. अंग कोरडे राहते आणि किती पाणी गेले ते कळतच नाही. हरिहरेश्वर-श्रीवर्धनच्या दमट हवेत पारा ३४-३५ वरच असतो, पण घाम वाळत नाही, नुसता निथळतो. निथळलेला घाम अंग थंड करत नाही. हवेत आधीच बाष्प भरलेले असल्याने त्याची वाफ होत नाही आणि हृदय मात्र कातडीकडे रक्त ढकलतच राहते. म्हणून किनाऱ्यावर नुसता तापमानाचा आकडा पाहून गाफील राहू नये. रायगड जिल्ह्यातल्याच खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. भर दुपारी, अकरा ते चार, कष्टाचे काम आणि लांबची चाल टाळावी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा भरती-ओहोटीच्या वेळा पाहून सकाळी लवकर करावी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ताक, पन्हे, मीठ घातलेले कोकम सरबत ही घरची पेये उत्तम. एक लिटर पाण्यात सहा चहाचे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी होते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून पाणी, मीठ आणि औषधांचे प्रमाण ठरवावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आणि उन्हात कोणी बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले किंवा बेशुद्ध पडले, तर घाम येतो आहे की नाही हे पाहत बसू नये. अंगमेहनत करणाऱ्याला उष्माघातातही घाम येत असतो. त्याला लगेच सावलीत न्यावे, जाडे कपडे काढावेत, अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांवर ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहताना थंड करणे थांबवू नये. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आले तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते.

पालखेडला बाजीरावांनी शत्रूचे पाणी तोडून युद्ध जिंकले होते. पाण्याविना फौज कशी खचते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. फौजेच्या बाबतीत जे खरे, तेच प्रत्येक शरीराच्या बाबतीतही खरे आहे. पाच लिटर रक्ताला आपली फेरी पूर्ण करायला पाणी लागते आणि हृदयाला विसावा लागतो. रावेरखेडीच्या छावणीत थर्मामीटर नव्हता आणि सलाईनही नव्हते. आज दोन्ही तालुक्याच्या रुग्णालयात आहेत. उरते ते उन्हाची खूण वेळेवर ओळखणे, आणि ते काम रुग्णालयात नव्हे, बरोबरच्या माणसाने वाटेतच करायचे असते.